उजेडातली गाडी

मुलांच्या परीक्षा संपत आल्या किंवा दिवाळी तोंडावर आली, की मराठी घरात एक प्रश्न हमखास निघतो. "यंदा कुठे जायचं?" गिरगावच्या चाळीत तो गॅलरीत उभ्या उभ्या निघतो, दादरच्या ब्लॉकमध्ये जेवताना निघतो. आमच्या लालबाग-परळकडे मात्र पूर्वी तो फारसा निघतच नसे, कारण उत्तर ठरलेले असे. "गावाला." आता तसे राहिलेले नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, चाळीतली पोरे नोकरीनिमित्त बंगलोरपासून दुबईपर्यंत पोचली आणि सुटीचा बेत हा आमच्याकडेही चर्चेचा विषय झाला. पण ह्या चर्चेत एक गोष्ट मला नेहमी खटकते. कुठे जायचे ह्यावर दोन-दोन तास बोलणे होते, कोणत्या हॉटेलात उतरायचे ह्यावरून रुसवेफुगवे होतात. जायचे कसे हा प्रश्न मात्र "तिकीट मिळेल त्या गाडीने" एवढ्या एका वाक्यात निकालात निघतो.

ह्याचे कारण आपल्या सवयीत आहे. प्रवास ही आपल्या लेखी उरकून टाकायची गोष्ट. रात्री गाडीत बसावे, पथारी पसरावी, सकाळी डोळे उघडावेत तो मुक्काम आलेला असावा. "रात्र गाडीत काढली की दिवस वाचतो," हे गणित आपल्या हाडीमाशी खिळलेले आहे. गिरणगावात तर ते पोटापाण्याचेच गणित होते. रजा मोजकी, खाडा झाला की पगार कापला जायचा, आणि बदली कामगाराला तर रजा म्हणजे काय हेच ठाऊक नसायचे. दुसरी पाळी सुटल्यावर घरी येऊन ट्रंक उचलायची आणि रातराणी पकडायची, परतताना पहाटे उतरून थेट पहिल्या पाळीला हजर व्हायचे. असा दिवस वाचवत वाचवत माणसांनी चाळीस-चाळीस वर्षे प्रवास केला. त्यात एकच गोष्ट हातची गेली. ज्या रस्त्याने ती शेकडो वेळा गेली, तो रस्ता त्यांनी पाहिलाच नाही.

माझे वडील त्यांपैकी एक. गाव संगमेश्वर तालुक्यातले. लहानपणी ते आजोबांचे बोट धरून भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जयगडला गेलेले. बोटीच्या कठड्याला धरून पाहिलेला किनारा ते आजही सांगतात. पुढे गिरणीत लागले आणि एसटी आली. कशेडीचा घाट, खिडकीशी डोके टेकलेले, तोंडात लिंबाची फोड आणि बाहेर काळोख. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बिऱ्हाड गावी हलवले, तेही रात्रीच्याच गाडीने. १९९८ साली कोकण रेल्वे सबंध सुरू झाली आणि चाकरमान्याचे हाल पुष्कळ कमी झाले; पण वेळ तीच राहिली. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते, दादरहून सुटणारी तुतारी मध्यरात्रीनंतर. संगमेश्वर येते ते उजाडायच्या आत. दिव्याच्या उजेडात फलाट दिसतो, रिक्षावाला दिसतो, बस्स. परतीची गाडीही रात्रीचीच.

मागच्या वर्षी घरात सुटीची चर्चा निघाली तेव्हा अण्णा कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. माझ्या मुलीला काश्मीर हवे होते. जून २०२५मध्ये चिनाब नदीवरचा तो ३५९ मीटर उंचीचा पूल वाहतुकीस खुला झाला आणि कटऱ्याहून श्रीनगरला थेट रेल्वेने जाता येऊ लागले. तिने त्याची चित्रे मोबाइलवर सगळ्यांना दाखवली. बायकोचा कल सिमल्याकडे. कालका-सिमल्याची ती छोटी गाडी १९०३ सालची, जागतिक वारशाच्या यादीत बसलेली. तिची काही डिझेल इंजिने आपल्या परळच्या वर्कशॉपात तयार झाली, हे मी अभिमानाने सांगून टाकले. धाकटा भाऊ व्यवहारी. तो म्हणाला, "गोव्याला चला. वंदे भारतने आठ तासांच्या आत मडगाव. दुपारी जेवायला हॉटेलात." प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. तेवढ्यात अण्णांनी पेपर खाली ठेवला आणि विचारले, "ती कोकणातली गाडी दिवसा पण जाते ना रे? मला एकदा उजेडी जायचंय. वाटेत काय काय आहे ते बघायचंय."

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाने एवढे मागावे, आणि तेही आपल्याच गावचा रस्ता, ह्याने आम्ही सगळेच गप्प झालो. काश्मीर पुढच्या वर्षीही जागेवर असेल, एवढे त्या क्षणी सगळ्यांना समजले. मग मी वेळापत्रक घेऊन बसलो आणि तेव्हा ध्यानात आले, की बघण्यासाठी गाडी निवडणे हे पोचण्यासाठी गाडी निवडण्यापेक्षा अगदी वेगळे काम आहे. वाचकांपैकी कोणी असा बेत करीत असेल, तर त्या हिशेबाचा उपयोग होईल म्हणून तो इथे मांडतो.

पहिला हिशेब उजेडाचा. गाडी किती वाजता सुटते ह्यापेक्षा तुम्हांला जे बघायचे ते किती वाजता येते, हे पाहावे. कोकण रेल्वे सुरू होते रोह्याच्या पुढे. तिथून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर. मुंबईहून निघणाऱ्या दिवसाच्या गाड्यांत जनशताब्दी, तेजस आणि वंदे भारत ह्या पहाटे पाच-सहाच्या सुमारास सुटतात. थंडीत रोहा येईतो नुकते उजाडलेले असते आणि पुढचे सगळे दिसते. मांडवी एक्सप्रेस सकाळी सातनंतर सुटते, दादरला थांबते आणि बारा तासांनी मडगावला पोचते. हिवाळ्यात गोव्यात शिरेपर्यंत अंधार पडतो, पण सावंतवाडीपर्यंतचा सगळा रस्ता उजेडात. आम्हांला हवा होता तो एवढाच. ज्यांना त्याच्याही पुढे, काळी नदीचा पूल, कारवारजवळची समुद्राची ओझरती भेट आणि होनावरचा शरावतीवरचा दोन किलोमीटरहून लांब पूल पाहायचा असेल, त्यांनी मडगावला मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी उजेडाच्या गाडीने पुढे जावे. एका दमात जायचे म्हटले तर ह्यातले बरेचसे रात्रीच्या पोटात जाते.

दुसरा हिशेब वेगाचा, आणि इथे आपला नेहमीचा व्यवहार उलटा करावा लागतो. जलद गाडी चांगली हे पोचणाऱ्याचे शहाणपण. बघणाऱ्याला रेंगाळणारी गाडी बरी. स्वित्झर्लंडमध्ये ग्लेशियर एक्सप्रेस नावाची गाडी आहे. ती धावू लागली जून १९३०मध्ये, म्हणजे आपली दख्खनची राणी सुरू झाली त्याच महिन्यात. २९१ किलोमीटरला ती सुमारे आठ तास घेते आणि जगातली सर्वांत संथ एक्सप्रेस अशी स्वतःची जाहिरात करते. लोक त्या संथपणासाठी पैसे मोजतात. आपल्या मांडवीला मात्र "फार थांबते हो" म्हणून नावे ठेवली जातात! ती थांबते म्हणूनच माणगावची, खेडची, राजापूरची माणसे दिसतात, फलाटावर चहा पिता येतो. शिवाय ही गाडी तिच्यातल्या खाण्यासाठी नावाजलेली आहे, हा भाग आणखी वेगळा.

तिसरा हिशेब ऋतूचा. कोकण पावसात बघावे असे सगळे म्हणतात आणि ते खोटे नाही. चिपळूणपासून रत्नागिरीपर्यंत डोंगरातून पाणी कोसळत असते, उक्षीजवळचा रानपाटचा धबधबा तर गाडीतूनच दिसतो. पण हा ऋतू रेल्वेला महाग पडलेला आहे. २२ जून २००३च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि ५०हून अधिक माणसे गेली. सुटी संपवून मुंबईकडे निघालेली माणसे होती ती. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर डोंगरांचे उतार कापले गेले, दरडींवर जाळ्या बसल्या. पावसाळ्याचे वेळापत्रक तर वेगळेच असते. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या सावकाश चालतात आणि मुसळधार पावसात वेग ताशी ४० किलोमीटरवर आणला जातो. रुळांवरून रात्रंदिवस माणसे पहारा करीत चालत असतात. तेव्हा पावसात जरूर जावे. पण गाडी दोन तास उशिरा धावली तर बोटे मोडू नयेत, आणि त्याच संध्याकाळी कोणाच्या लग्नाला पोचायचे आहे असा बेत करू नये. आम्ही म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार होतो म्हणून जानेवारी निवडला. हिरवे कमी असते, पण हवा स्वच्छ, आंब्याला मोहर आणि उन्हाचा त्रास नाही.

चौथा हिशेब जागेचा. काचेचे छत असलेला विस्टाडोम डबा दादर-मडगाव जनशताब्दीला पहिल्यांदा लागला तो सप्टेंबर २०१७मध्ये. त्यात ४४ फिरत्या खुर्च्या असतात, मुले हरखून जातात. पण तिकीट साध्या डब्याच्या कितीतरी पट, आणि कोकणात डोक्यावर बघण्यासारखे थोडे. जे आहे ते दोन्ही बाजूंना आणि खाली दरीत. खिसा परवानगी देत असेल तर जरूर बसावे, नसेल तर हळहळू नये. वातानुकूलित डब्याची काच कधी मळकी, कधी ओरखडलेली निघते. आम्ही साधा स्लीपर घेतला. सकाळी सहा ते रात्री दहा मधला बर्थ पाडून ठेवायचा नियम आहे, त्यामुळे सगळ्यांना बसायला मिळते, खिडकी उघडी राहते आणि वाऱ्याबरोबर वासही आत येतो. दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताला सह्याद्री आणि उजव्या हाताला समुद्राची दिशा. दिशा म्हणतो ते मुद्दाम; कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गात ही रेल्वे समुद्रापासून बरीच आत आहे आणि 'कोकण रेल्वेतून समुद्र दिसतो' म्हणून निघालेली माणसे हिरमुसतात. डोंगर बघायचे तर डावी बाजू धरावी. दुपारनंतर ऊनही उजवीकडून येते. आरक्षणात ही बाजू मागता येत नाही, तेव्हा शेजाऱ्याशी गोड बोलावे. दाराशी उभे राहून मात्र बघू नये, मुलांना तर नाहीच. बोगदे अचानक येतात.

आणि आरक्षण. नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवस आधी सुरू होते, पूर्वीसारखे १२० दिवस आधी नाही. गणपती, शिमगा आणि मे महिना वगळला तर दिवसाच्या गाडीत कुटुंबाला जागा मिळणे फारसे अवघड नसते. गर्दीच्या दिवसांत नुसते बघायला जाणाऱ्याने गावी जाणाऱ्याची जागा अडवू नये, असे मला वाटते.

तर आम्ही सहाजण जानेवारीतल्या एका सकाळी दादरला मांडवीत चढलो. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचे बांधून घेतले होते. रोहा मागे पडले आणि अण्णा खिडकीला चिकटले ते चिकटलेच. वीरच्या पुढे सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी. नदी आली की ते नाव घेत, आणि नातीला सांगत, "बाय, ही बघ." एसटीत कंडक्टरच्या तोंडून ऐकलेली नावे, रात्रीच्या पुलांच्या आवाजावरून ओळखलेल्या नद्या, त्यांना पाणी असते, काठ असतो, काठावर माड असतात, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच गाडीतून दिसत होते.

मुलीने विचारले, "इतके बोगदे कशाला केले?" मोठा चांगला प्रश्न आहे हा. कोकणातल्या नद्या सह्याद्रीत उगम पावून पश्चिमेला समुद्राकडे जातात आणि दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची सोंड उतरलेली असते. रेल्वे जाते उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे ह्या सगळ्यांना आडवी. सोंड आली की बोगदा, दरी आली की पूल. त्यामुळे नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल बांधावे लागले. बोगद्यांची लांबी बेरजेला घेतली तर ८० किलोमीटरच्या वर भरते. म्हणजे नऊ किलोमीटर चालले की एक किलोमीटर अंधार. उक्षीच्या पुढचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. काश्मीरमधला पीर पंजालचा बोगदा २०१३ साली सुरू होईपर्यंत देशात रेल्वेचा ह्याहून लांब बोगदा नव्हता. १९९० साली महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन ह्यांच्या हाताखाली आठ वर्षांत हे सगळे उभे राहिले. बोगद्यात मोबाइल बंद पडतो. ह्याचा एक फायदा असा, की डब्यातली तरुण मंडळी मान वर करतात आणि बोगदा संपताना सगळे एकदम बाहेर बघतात.

संगमेश्वरला गाडी थांबली. आयुष्यभर ह्या स्टेशनावर अण्णांनी एकच काम केले होते, घाईघाईने उतरायचे. त्या दिवशी ते सवयीने अर्धवट उठले, हात पिशवीकडे गेला आणि मग खाली बसले. फलाटावर ऊन पडले होते. मागचा डोंगर दिसत होता, त्यावरची पायवाट दिसत होती, एक बाई लाकडाची मोळी घेऊन चालली होती. कोणीतरी ओळखीचे दिसते का, म्हणून ते न्याहाळत राहिले. गाडी हलली. स्टेशन मागे गेले तेव्हा ते आईला एवढेच म्हणाले, "गाव केवढं सुंदर दिसतं गं! सांगितलं नाही कोणी." आईने उत्तर दिले नाही, पुरीचा डबा पुढे केला. तीही ह्या रस्त्याने पन्नास वर्षे रात्रीचीच गेलेली.

रत्नागिरीच्या पुढे पानवलचा पूल आला. सुमारे ६५ मीटर उंच, म्हणजे लालबागच्या एखाद्या नव्या टॉवरच्या वीस मजल्यांएवढा; वरून जाताना कठडा जवळजवळ दिसतच नाही, नुसती दरी. मग जांभ्यातून कापून काढलेल्या तांबड्या भिंती, काजूच्या बागा, वैभववाडी, कणकवली. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सावंतवाडीला उतरलो. दोन दिवस मोती तलावाच्या काठी हिंडलो, लाकडी खेळणी घेतली आणि त्याच गाडीने दिवसाउजेडी परत आलो. भाऊ म्हणाला त्याप्रमाणे वंदे भारतने गेलो असतो तर कितीतरी तास वाचले असते. पण ते वाचलेले तास आम्ही काय केले असते? हॉटेलच्या खोलीत टीव्ही लावला असता.

सगळ्यांचे गाव कोकणात नसते, हे मला ठाऊक आहे. पण हा हिशेब कुठल्याही रेल्वेला लागू पडतो. ज्यांना आधी रंगीत तालीम करायची असेल त्यांनी सकाळच्या डेक्कन एक्सप्रेसने पुण्याला जाऊन यावे. १८६३ साली खुला झालेला बोरघाट, ३७ फुटांमागे एक फूट असा त्याचा चढ, कर्जतला मागून जोडली जाणारी इंजिने, ठाकूरवाडीच्या पुढे उघडणारी उल्हास नदीची दरी. एका दिवसाचे काम. आपल्यापैकी कित्येकांनी हा घाट शंभरदा ओलांडला असेल, पण पेपरात डोके घालून. देशावरच्या लोकांना मिरज-बेळगावहून गोव्यात उतरणारा दूधसागरचा घाट आहे. तिथेही प्रश्न एकच, तुमची गाडी धबधब्याशी कधी येते, उजेडी की अंधारी? काश्मीर, सिमला तर आहेतच. मुलीला तसा शब्द दिलेला आहे.

माझे म्हणणे एवढेच, की सुटीचा बेत करताना एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, "तुम्ही कुठला रस्ता नेहमी रात्रीचा गेलात?" आजोळचा असेल, सासरचा असेल, पंढरपूरचा, नागपूरचा, कुठलाही असेल. त्यांनी आपल्यासाठी दिवस वाचवले, त्यांतला एक दिवस त्यांना परत देणे फारसे खर्चाचे नाही. साध्या डब्याचे तिकीट, खिडकीची जागा आणि दोन महिने आधी पाहिलेले वेळापत्रक एवढ्यावर भागते. आई आता विचारते आहे, तिच्या माहेरी, देवरुखकडे जाताना दिवसाची कोणती गाडी सोयीची. मी वेळापत्रक पुन्हा काढले आहे.